शंका आली की उघडायचं

साळवेताई सकाळी आमची नखं बघायच्या. शाळेत बघतात तशी. हात आधी पालथे, मग उताणे. घरी नातवंडं खेळवणारी माणसंसुद्धा रांगेत हात पुढे करून उभी राहायची, आणि ताई एकेकाच्या बोटांवरून स्वतःचं बोट फिरवत पुढे सरकायच्या. डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. नख दिसायला नीट असतं, कडेचं बारीक टोक बोटालाच लागतं, असं त्यांचं म्हणणं. टोक लागलं की खिशातली कानस पुढे यायची. "घास. मग आत ये."

आमचं वर्कशॉप रे रोडला, लाकडाच्या वखारींच्या मागच्या गल्लीत. जहाजांच्या कठड्याशी पांढऱ्या पिंपासारख्या पेट्या बांधलेल्या असतात. त्यांच्यात रबराचा एक मोठा तराफा घडी घालून ठेवलेला असतो. जहाज बुडायला लागलं की पेटी पाण्यात टाकायची, दोरी ओढायची, तराफा आपोआप फुगतो आणि माणसं त्यात चढतात. आम्ही त्याला राफ्ट म्हणतो. दर वर्षी तो किनाऱ्यावर आणून उघडावा लागतो. फुगवून ठेवायचा, हवा कुठून जाते का बघायचं, आतलं पाणी, बिस्किटं, औषधं, टॉर्च बदलायचे आणि पुन्हा घडी घालून पेटी बंद करायची. एवढंच आमचं काम. रबरावर नखाचा एक ओरखडा पुढे समुद्रात काय करील, ते सांगता येत नाही. म्हणून ती नखं.

फ्लोअरवर, म्हणजे कामाच्या हॉलमध्ये, शिरताना चपला बाहेर, पायात मोजे. घड्याळ, पट्टा, अंगठी, बांगड्या, केसांच्या क्लिपा, ओढणीची पिन, टोचणारं सगळं काढून ज्याच्या त्याच्या स्टीलच्या डबीत ठेवायचं. मी पहिल्या दिवशी बांगड्या काढताना रडवेली झाले होते. आमच्या गोंदियाकडे हात असे उघडे करत नाहीत. ताईंनी ते पाहिलं. म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला काही होत नाही त्यानं. त्या तिकडच्या बाईच्या नवऱ्याला होऊ नये म्हणून काढायच्या." तिकडची बाई म्हणजे कोण, ते मला तेव्हा समजलं नाही.

मी नववीत शाळा सोडली. लग्नानंतर नवऱ्याच्या मागं मुंबईत आले. तो वखारीत रखवालदार. या शहरात मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटायची. गॅस बंद केला का, कडी लावली का, नळ उघडा राहिला का, हेच डोक्यात. अर्ध्या वाटेवरून परत जायचे. फ्लोअरवर सगळे हसायचे. त्यांत पुढे परशा. परशुराम तांडेल, लालबागचा, घरी मालवणी बोलणारा. मी दारात दिसले की सुरू, "काय गो गोंदिया, आज काय इसारलंस?"

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी घरी पळत जाऊन गॅस बघून आले. बंदच होता. धापा टाकत परत आले, तर ताई दारात.

"बंद होता?"

"हो जी."

"कालही बंदच होता ना?"

मी मान खाली घातली. वाटलं, आता कामावरून काढतात.

"एवढी काळजी घरी वाया घालवतेस," ताई म्हणाल्या. "इथं आण ती. इथं कमी पडते."

माझ्या आयुष्यात या खोडीला कोणी जागा दिली नव्हती. आई तिला वेड म्हणायची, नवरा वैतागायचा. ताईंनी दुसऱ्या दिवसापासून मला शेवटच्या तपासणीला उभं केलं. पेटी बंद होण्याआधीची शेवटची नजर माझी.

त्यांची माणसं नेमायची रीतच अशी होती. कोण किती शिकला, ते त्या विचारायच्या, पण त्यावर काम ठरवायच्या नाहीत. परशानं एकदा न सांगता दांडी मारली. दिघेसाहेब आमचे मॅनेजर, गिरगावचे, जुन्या घरातले, बोलायला अगदी सावकाश. त्यांनी विचारलं, काल काय झालं? दुसरा कोणी असता तर आजीला दवाखान्यात नेलं असतं. परशा म्हणाला, "काही नाही साहेब. कंटाळा आला." साहेबांना राग यावा की हसू, ते कळेना. ताई मात्र तिथंच म्हणाल्या, "साहेब, हवेची मापं आजपासून ह्याच्याकडे द्या. याला स्वतःपुरतंसुद्धा खोटं बोलता येत नाही." तेव्हापासून राफ्टमधला दाब परशा वाचतो. काटा किंचित खाली असला तर तो किंचित खालीच सांगतो, बाहेर कितीही घाई असो.

ताई भोईवाड्याच्या चाळीत वाढलेल्या. वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाली तेव्हा ताईंचं कॉलेज सुटलं. त्याबद्दल त्या फार बोलत नसत. रविवारी पांढरी साडी नेसून विहारात जायच्या, तिथल्या मुलांना गणित शिकवायच्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं, आवाज खालचा. चहात साखर नको आणि चहा गार झालेला हवा. गरम चहा घाईत पिणाऱ्या माणसाच्या हातून घडी चुकते, असा एक विचित्र समज त्यांनी धरून ठेवला होता, आणि आम्हा सगळ्यांना गार चहाची सवय लावली होती.

"उघडणारा घाबरलेला असणार." हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकायचो कुणास ठाऊक. राफ्टमधल्या पिशवीत वस्तू कशा लावायच्या, ते या एका वाक्यावरून ठरायचं. सगळ्यात आधी जे लागेल ते सगळ्यात वर. आधी उजेड. मग दोरी कापायची सुरी, तिचं टोक बोथट. मग उलटीच्या गोळ्या. बिस्किटं तळाशी, कारण पहिल्या रात्री कोणाला भूक लागत नाही.

नव्या माणसाची त्या एक परीक्षा घ्यायच्या. माझी घेतली तेव्हा माझ्याच ओढणीनं माझे डोळे बांधले. हात बर्फाच्या पाण्याच्या बादलीत धरायला लावले, बोटं बधिर होईपर्यंत. मग पिशवी पुढ्यात ठेवली. "टॉर्च काढ." परशानं शेजारी पत्रा बडवायला घेतला. ताई ओरडत होत्या, "लवकर, लवकर." माझ्या बोटांना काही समजेना. मला रडू फुटलं. कोणी म्हटलं असतं, रडू नकोस. ताई म्हणाल्या, "रडत रडत शोध. तोही रडतच असणार."

टॉर्च सापडला. डोळे सोडले तर ताई माझे हात स्वतःच्या पदरानं पुसत होत्या. तेव्हा मला तिकडची बाई समजली. तिचा नवरा कुठल्याशा समुद्रात, अंधारात, बधिर बोटांनी आमची पिशवी उघडणार होता.

आणि ताईंचा एक नियम होता, त्यावर सगळं उभं होतं. शंका आली की उघडायचं. पेटी बंद झालेली असो, पट्टे आवळलेले असोत, गाडीत चढलेली असो. फ्लोअरवरच्या कोणीही, झाडूवाल्यानंही, "उघडूया" म्हटलं की उघडायची. का, ते विचारायचं नाही. आणि कोणी म्हटलं, ते फ्लोअरच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही. ऑफिसनं विचारलं तर उत्तर एकच, "फ्लोअरनं उघडली."

मग आमचं वर्कशॉप एका मोठ्या कंपनीनं घेतलं. भिंतीला नवा रंग लागला आणि त्यावर सुंदर अक्षरांत मूल्यं आली. प्रामाणिकपणा, तत्परता, आपुलकी. खाली एक नोटीसही आली, बंद केलेली पेटी ऑफिसच्या लेखी परवानगीशिवाय उघडू नये. आम्हाला शिकवायला एक तरुण बाई आल्या. गोड होत्या, आमच्यासोबत जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, कंपनीचं खरं भांडवल मशीन नाही, तुम्ही माणसं. तुमच्या मनातली मूल्यं हेच भांडवल. प्रत्येकाला रंगीत चिठ्ठी दिली, तुमचं मूल्य लिहा म्हणून. आम्ही बहुतेकांनी भिंतीवरचंच उतरवलं. परशानं "वेळेवर जेवण" लिहिलं.

ताईंची चिठ्ठी कोरी होती.

"ताई, तुम्ही?"

"लिहिते. आधी एक विचारू का? भांडवल म्हणजे कंपनीकडे राहतं ते. मशीन राहतं, जागा राहते. माणूस तर संध्याकाळी घरी जातो. एक दिवस कायमचा जातो. मग त्याच्या आतलं हे जे काय आहे, ते कंपनीचं कसं?"

त्या बाई विचार करून म्हणाल्या, "कंपनीचं नसतंच ते, ताई. तुमचंच असतं. पण जाताना तुम्ही ते दुसऱ्या कुणाच्या हाताला लावून गेलात, तर तेवढं मागे राहतं."

ताईंनी हे फार मनावर घेतलं, हे मला त्यांच्या मान हलवण्यावरून दिसलं. मग त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, "भीती". बाईंनी ती चिठ्ठी बाकीच्यांच्या मधोमध लावली.

पुढचं माझ्यामुळे घडलं.

पाऊस सरून बोटी सुटायचे दिवस होते. खोल समुद्रात तेलाच्या विहिरींवर सामान नेणारी एक बोट माझगावला उभी होती, संध्याकाळच्या भरतीला निघणार. तिचा एक राफ्ट टेम्पोत चढला होता, दुसऱ्याचे पट्टे नुकतेच आवळले होते. बोटीचा एजंट दारात येरझारा घालत होता. मी चहाला जाताना माझी डबी उघडली. बांगड्या होत्या, क्लिपा होत्या. पिन नव्हती. ओढणी चाचपली. ओढणीलाही नव्हती.

सकाळी ती डबीत टाकली होती का? लावूनच आले नव्हते का? की अंगावरच राहिली, आणि घडी घालताना आत पडली? काही केल्या आठवेना. रबराच्या त्या सगळ्या घड्यांमध्ये कुठंतरी एक उघडी पिन मला दिसायला लागली. भिंतीवरची नोटीस दिसत होती. एजंटचं तोंडही दिसत होतं. मी ताईंपाशी गेले, आणि आवाजच निघेना.

"बोल," ताई म्हणाल्या.

"उघडूया जी."

त्यांनी पेटीकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाल्या, "परशा, पट्टे काप. टेम्पोतली पण उतरव."

एजंट ओरडायला लागला. दिघेसाहेब जिन्यावरून खाली आले. "ताई, काय चाललंय? भरती गाठायचीय त्यांना. कोणी सांगितलं उघडायला?"

"फ्लोअरनं."

"फ्लोअर म्हणजे कोण?"

"फ्लोअर म्हणजे फ्लोअर, साहेब."

मी पुढे सरकले, तर ताईंनी न बघता माझं कोपर धरलं आणि मला तिथंच ठेवलं.

दोन्ही राफ्ट पसरले. आम्ही सगळे मोज्यांवर, गुडघे टेकून, तळहात फिरवत गेलो, रबराच्या एकेका घडीवर, एकेका जोडावर. पिशव्या रिकाम्या केल्या, पुन्हा भरल्या. राफ्ट पुन्हा फुगवले, हवा धरून ठेवली.

काही निघालं नाही.

भरती गेली. बोट धक्क्याला अडकली आणि तिचं पुढचं काम दुसऱ्या वर्कशॉपला गेलं. मी घरी गेले. दोरीवर कालची ओढणी वाळत होती. पिन तिलाच होती.

दुसऱ्या दिवशी नखं बघून झाल्यावर मी ताईंना बाजूला घेतलं. "पिन घरी होती."

"बरं झालं," ताई म्हणाल्या. "म्हणजे तिकडे नाही." मग जरा थांबून, "झोप लागली?"

"नाही जी."

"मला लागली."

परशानं दुपारी मला सेफ्टी पिनांचा अख्खा जुडगा आणून दिला. "घे गो. एक हरवली तर बोट थांबली. हा जुडगा हरवलास तर बंदर बंद करूक व्हया." सगळे हसले, मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

वरच्या ऑफिसला हसू आलं नव्हतं. त्यांना नाव हवं होतं. ताईंचं निवृत्तीचं वय जवळ आलं होतं, आणि त्यांना पुढे ठेवून घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. ताईंनाही राहायचं होतं. घरी बसून काय करू, असं त्या म्हणायच्या, आणि त्यांच्या तोंडून ते फार खरं वाटायचं. दिघेसाहेबांनी त्यांना बोलावलं. हे मला साहेबांनीच पुढे सांगितलं. ते म्हणाले, "ताई, नाव द्या. त्या माणसाला मी सांभाळून घेतो, आणि तुमचंही काम होईल."

ताई म्हणाल्या, "आज नाव दिलं तर उद्या कोणी तोंड उघडणार नाही. आणि मग ज्या दिवशी पिन खरंच आत असेल, त्या दिवशी सगळे गप्प असतील."

मला राहवेना. मी ताईंना सांगितलं, मी जाऊन माझं नाव सांगते. त्या माझ्यावर पहिल्यांदा चिडल्या. "जा की. तुझं मन हलकं होईल. पण इथल्या प्रत्येकाला कळेल की शेवटी नाव बाहेर येतंच." मी गेले नाही. माझी नोकरी राहिली. ताईंची मुदत वाढली नाही.

शेवटच्या दिवशी त्या नेहमीसारख्या आल्या. आम्ही हात पुढे केले. सगळ्यांचे बघून झाल्यावर त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वतःचे हात पुढे केले. "आज माझे बघ."

मला वाटलं, हे असंच, निरोपाचं आहे. मी त्यांच्या बोटांवरून बोट फिरवलं. कातडी जाड, कोरडी, रबराच्या पावडरीचा वास. उजव्या अंगठ्याच्या कडेला मला टोक लागलं. अगदी बारीक. शेवटचा दिवस, माझ्यासाठी एवढं केलेली बाई, तिला काय सांगायचं?

"बोल ना," ताई म्हणाल्या.

"ताई, हे घासावं लागेल."

त्यांनी कानस काढली, अंगठा घासला, पुन्हा पुढे केला. मी पुन्हा बोट फिरवलं. "आता या." ताई आत आल्या. कानस त्यांनी परत खिशात टाकली नाही, माझ्या हातात दिली.

नोटीस अजून भिंतीवर आहे. पण ताई निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्या सकाळी दिघेसाहेब खाली आले. आम्हाला वाटलं, काही ऐकवायला आले. त्यांनी दाराबाहेर बूट काढले, मोज्यांवर आत आले आणि एक सही केलेला कागद माझ्याकडे देत सावकाश म्हणाले, "आजच्या दिवसाची परवानगी." आणि गेले. तेव्हापासून ते रोज येतात. शंका यायच्या आधीच परवानगी येते. वरून कोणी विचारलं तर साहेब काय सांगतात, मला माहीत नाही. परशा म्हणतो, तो एकदा जिन्यात होता आणि त्यानं साहेबांना फोनवर "फ्लोअरनं" असं म्हणताना ऐकलं. परशाला खोटं बोलता येत नाही.

ताईंना शेवटचं पाहिलं ते भोईवाड्यात. त्यांची चाळ पाडून नवी इमारत होणार होती. तोवर भाड्याच्या घरात, लांब ठाण्याच्या पलीकडे जायचं होतं. सामान बांधायला मी आणि परशा गेलो होतो. ताई बऱ्याच वाळल्या होत्या. छातीचं काहीतरी दुखणं होतं, त्याची त्या दाद लागू देत नव्हत्या. खुर्चीवर बसून आम्हाला हुकूम सोडत होत्या. भिंतीवरच्या दोन तसबिरी मात्र त्यांनी स्वतः उतरवल्या, स्वतः कापडात गुंडाळल्या आणि मांडीवर घेतल्या.

खोक्यांत भांडी, कपडे, पुस्तकं. शेवटच्या खोक्यात वरती काय ठेवायचं, ते कोणाला सांगावं लागलं नाही. काडेपेटी, मेणबत्ती, टॉर्च, पाण्याची बाटली, ताईंच्या गोळ्या. नव्या घरी दिवे लागलेले असतील की नाही, कोण जाणे. परशानं सुतळी आवळली, गाठ मारली, खोकं टेम्पोत चढवलं. ताई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर तसबिरी. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

मी खिडकीपाशी उभी. निरोपाचं काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून भलतंच आलं.

"ताई, टॉर्च टाकलाय ना?"

"तूच टाकलास."

"हो जी."

गाडी धडधडत होती. मागे दुसरा टेम्पो हॉर्न वाजवत होता. ड्रायव्हर म्हणाला, "चला आता, मावशी." ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या तशा बघायला लागल्या की खोटं बोलता येत नसे.

"उघडूया?" ताई म्हणाल्या.

मी मान हलवली. ताईंनी हात लांब करून स्वतःच गाडीची चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. परशा मागे चढला, त्यानं सुतळी कापली. टॉर्च सगळ्यात वर होता. त्यानं तो एकदा लावून दाखवला, भर दुपारी, ताईंना दिसेल असा. पुन्हा ठेवला, पुन्हा गाठ मारली.

"बरं झालं," ताई म्हणाल्या. "आता जाते."

नवी इमारत अजून उभी राहिलेली नाही. ताई त्याआधीच गेल्या. विहारात त्यांच्यावर दोन शब्द बोलायला मला उभं केलं होतं. मला बोलता आलं नाही, म्हणून हे लिहिलं. परवा फ्लोअरवर एक नवी बाई आली आहे, साताऱ्याकडची. काल तिनं पट्टे आवळलेल्या पेटीकडे बघत दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मी तिच्यापाशी गेले.

"बोल," म्हटलं.